कौटुंबिक मध्यस्थी

कौटुंबिक मध्यस्थी ही विभक्त होऊ पाहणाऱ्या किंवा विभक्त झालेल्या पती-पत्नींमधील वाद, न्यायालयीन निवाड्याऐवजी, तटस्थ व्यक्तीच्या साहाय्याने आणि परस्परसंमतीने मिटविण्याची प्रक्रिया होय. पोटगी, मुलांचा ताबा व त्यांच्या भेटीगाठी, स्त्रीधन परत करणे, राहत्या घराची व्यवस्था आणि परस्परांविरुद्ध दाखल केलेले दावे व तक्रारी हे तिचे नेहमीचे विषय आहेत. मध्यस्थ कोणाची बाजू खरी हे ठरवीत नाही आणि निर्णयही देत नाही. तो दोन्ही पक्षांना बोलते करतो, मुद्दे वेगळे काढतो आणि तोडग्याचे पर्याय शोधण्यास मदत करतो.

भारतात ही प्रक्रिया मुख्यतः कुटुंब न्यायालये, जिल्हा न्यायालये आणि उच्च न्यायालये यांच्याशी संलग्न असलेल्या मध्यस्थी केंद्रांत चालते. विवाह संपुष्टात आणण्याचा अधिकार मध्यस्थाला नाही. घटस्फोटाचा हुकूमनामा न्यायालयच देते. म्हणून भारतापुरता 'न्यायालयाऐवजी मध्यस्थी' याचा अर्थ 'न्यायालयात लढण्याऐवजी मध्यस्थी' असा घ्यावा लागतो.

संज्ञा

मराठीत 'मध्यस्थ' हा शब्द पूर्वापार लग्न जुळविणाऱ्या व्यक्तीसाठी रूढ आहे. वधू-वरांच्या घरची देणी-घेणी ठरविणारा तो मध्यस्थ. संसार मोडतानाच्या वाटाघाटींसाठी हाच शब्द कायद्याच्या भाषेत स्थिरावला, हा योगायोग लक्षणीय आहे.

या संज्ञेची इतर काही संज्ञांशी नेहमी गल्लत होते. लवाद हा पुरावा ऐकून बंधनकारक निवाडा देतो. मध्यस्थ देत नाही. समुपदेशक व्यक्तीच्या मनःस्थितीकडे आणि नात्यातील ताणाकडे पाहतो. मध्यस्थाचे लक्ष पुढील व्यवस्थेकडे असते. लोकअदालतीत तडजोड नोंदवून तिला हुकूमनाम्याचे स्वरूप दिले जाते आणि त्यावर अपील नसते. मात्र तेथे एका दिवसात अनेक प्रकरणे हाताळली जात असल्याने दीर्घ संवादाला वाव कमी असतो.

सर्वांत महत्त्वाचा भेद समेट आणि मध्यस्थी यांतील आहे. समेट म्हणजे पती-पत्नींनी पुन्हा एकत्र नांदावे यासाठीचा प्रयत्न. मध्यस्थीचे उद्दिष्ट एकत्र आणणे हेच असते असे नाही. सन्मानाने वेगळे होणे हाही तिचा तितकाच यशस्वी शेवट असतो. भारतीय कायद्यांत आणि व्यवहारात या दोन कल्पना वेळोवेळी एकमेकींत मिसळल्या आहेत व मध्यस्थीवरील बऱ्याचशा टीकेचे मूळ तेथेच सापडते.

पार्श्वभूमी

विवाहातील तंटे घराबाहेर, पण सरकारी न्यायालयाच्याही बाहेर सोडविण्याची प्रथा भारतात जुनी आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींमध्ये पंचांसमोर काडी मोडून विवाहबंध संपविला जाई. 'काडीमोड' हा शब्द त्यातूनच आला. 'सोडचिठ्ठी' आणि 'फारकत' हे शब्दही अशाच रूढींचे साक्षीदार आहेत. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २९ ने रूढीनुसार मिळणारा घटस्फोट अबाधित ठेवला; मात्र अशी रूढी अस्तित्वात असल्याचे ती सांगणाऱ्याला सिद्ध करावे लागते. मुस्लिम परंपरेत पतीकडील एक आणि पत्नीकडील एक असे दोन मध्यस्थ नेमण्याचा आदेश कुराणात आहे, आणि तलाकपूर्वी असा प्रयत्न झाला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. पारशी समाजासाठी १९३६ च्या कायद्याने समाजातील प्रतिनिधींचा सहभाग असलेली स्वतंत्र विवाह न्यायालये ठेवली.

या परंपरांना आधुनिक मध्यस्थीचे पूर्वरूप म्हणण्याचा मोह होतो, परंतु ते अर्धेच खरे आहे. पंच हे निवाडा देत, दंड ठोठावीत आणि न मानणाऱ्याला वाळीत टाकीत. स्त्रीला तेथे स्वतःची बाजू स्वतः मांडता येईलच याची शाश्वती नसे. जातपंचायतींच्या अशा जाचाविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा करावा लागला. मध्यस्थीचा गाभा असलेली ऐच्छिकता आणि गोपनीयता ही दोन्ही तत्त्वे पंचायतीला अपरिचित होती.

कायदेशीर चौकट

विशेष विवाह अधिनियम, १९५४ आणि हिंदू विवाह अधिनियम, १९५५ या दोन्ही कायद्यांनी न्यायालयावर प्रथम समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य टाकले. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ नुसार न्यायालय कामकाज १५ दिवसांपर्यंत तहकूब करून पक्षकारांना त्यांच्या पसंतीच्या व्यक्तीकडे पाठवू शकते. धर्मांतर, गंभीर मानसिक आजार किंवा बेपत्ता जोडीदार अशा काही कारणांवरील अर्जांना यातून सूट आहे. १९७६ च्या दुरुस्तीने या कायद्यात परस्परसंमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब आले. त्याच वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी आदेश ३२-अ समाविष्ट झाला.

विधी आयोगाने १९७४ च्या आपल्या ५९ व्या अहवालात कौटुंबिक वादांकडे सामान्य दिवाणी दाव्यांहून मूलतः वेगळ्या दृष्टीने पाहावे अशी शिफारस केली होती. तिची परिणती कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ मध्ये झाली. या कायद्याच्या कलम ९ नुसार न्यायालयाने तडजोडीसाठी प्रयत्न करणे बंधनकारक आहे; कलम ६ नुसार समुपदेशक नेमले जातात; कलम १३ नुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क मानला जात नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते; आणि संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील करता येत नाही. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये कुटुंब न्यायालये सुरू झाली. येथे प्रकरण दाखल झाल्यावर ते सर्वसाधारणपणे प्रथम विवाह समुपदेशकाकडे जाते.

समुपदेशनाहून वेगळी अशी औपचारिक मध्यस्थी मात्र बरीच उशिरा आली. दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ८९ हे १९९९ च्या दुरुस्तीने आले आणि १ जुलै २००२ पासून अमलात आले. सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याची वैधता मान्य केली व त्यातूनच मध्यस्थीचे नमुना नियम तयार झाले. ९ एप्रिल २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व सलोखा प्रकल्प समिती स्थापन झाली; त्याच वर्षी चेन्नईत आणि दिल्लीत न्यायालयांशी संलग्न केंद्रे सुरू झाली. अ‍ॅफकॉन्स प्रकरणातील २०१० च्या निकालाने वैवाहिक वाद, पोटगी आणि मुलांचा ताबा यांना मध्यस्थीस योग्य अशा प्रकरणांत स्पष्ट स्थान दिले.

२२ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या क्षेत्रात वळणाचा ठरला. कलम ९ मधील समुपदेशन अयशस्वी झाले तरी कुटुंब न्यायालयांनी पक्षकारांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवावे, क्रूरतेच्या फौजदारी तक्रारीतही तडजोडीची शक्यता दिसल्यास तसे करावे आणि केंद्रांनी दाव्यापूर्वीच मदत देणारे कक्ष उघडावेत, असे निर्देश त्यात होते. मध्यस्थी अधिनियम, २०२३ ला १४ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली व त्याची काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. दाव्यापूर्वीची मध्यस्थी या कायद्याने ऐच्छिक ठेवली आहे, प्रक्रियेला १२० दिवसांची (संमतीने आणखी ६० दिवसांची) मुदत घातली आहे आणि ऑनलाइन मध्यस्थीला मान्यता दिली आहे.

प्रक्रिया

न्यायालयाशी संलग्न केंद्रात पक्षकारांना शुल्क द्यावे लागत नाही. मध्यस्थ म्हणून काम करणारे वकील, निवृत्त न्यायाधीश किंवा अन्य व्यक्ती यांना किमान ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. न्यायालयातील उंच आसन, पिंजरा, पुकारा यांतले येथे काही नसते. सर्व जण एका टेबलाभोवती बसतात.

पहिल्या बैठकीत मध्यस्थ आपली भूमिका समजावून सांगतो: येथे बोललेले न्यायालयात जाणार नाही, कोणीही कधीही उठून जाऊ शकतो आणि सही होईपर्यंत कशाचेही बंधन नाही. त्यानंतर संयुक्त बैठक आणि प्रत्येकाशी स्वतंत्र बैठक असा क्रम फिरत राहतो. स्वतंत्र बैठकीत सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या पक्षाला कळविली जात नाही. वकील हजर राहू शकतात. आई-वडील, मामा किंवा थोरले भाऊ यांना मध्यस्थ एखाद्या टप्प्यावर बोलावतो आणि दुसऱ्या टप्प्यावर बाहेर थांबण्याची विनंती करतो. भारतीय कुटुंबात तोडगा अडतो तो पुष्कळदा पती-पत्नींपाशी नव्हे, तर बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातलगांपाशी; अनुभवी मध्यस्थ हे ओळखून असतात.

बैठका एकीवरून दहापर्यंत कितीही होऊ शकतात. सुरुवातीच्या बैठका तक्रारी ऐकण्यातच जातात आणि तो वेळ वाया गेला असे मानले जात नाही. पुढे हिशेब सुरू होतो. पगाराच्या पावत्या, प्राप्तिकर विवरणपत्रे, कर्जाचे उतारे, दागिन्यांची यादी आणि मुलांच्या शाळेचे शुल्क हे सारे कागद टेबलावर यावे लागतात. पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी आपल्या मालमत्तेचे व देण्यांचे शपथपत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिले. मध्यस्थीपूर्वी ही शपथपत्रे हाती आली असतील तर वाटाघाटी अंदाजावर न चालता आकड्यांवर चालतात. ज्या पक्षाला दुसऱ्याचे उत्पन्नच ठाऊक नाही, त्याने दिलेल्या संमतीला फारसा अर्थ उरत नाही.

मध्यस्थी आणि न्यायनिवाडा यांच्या आवाक्यातील फरक एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पुण्यात नोकरी करणाऱ्या पती-पत्नींनी संयुक्त कर्जावर सदनिका घेतली आहे. त्यांना सात वर्षांची मुलगी आहे. पत्नी मुलीसह माहेरी राहते. न्यायालय पोटगीची रक्कम ठरवील, ताब्याचा आदेश देईल आणि मालमत्तेचा वाद समोर आला तर हिस्सेही ठरवील. पण शाळा बदलू नये म्हणून दोन वर्षे पत्नीने मुलीसह सदनिकेत राहावे, त्या काळात हप्ते पतीने भरावेत, तेच पोटगीत धरावेत आणि मुलगी चौथी उत्तीर्ण झाल्यावर सदनिका विकून कर्ज फेडून उरलेली रक्कम ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावी, असा गुंफलेला तोडगा उलटतपासणीतून निघत नाही. तो दोघांच्या बोलण्यातूनच निघतो. अर्थात येथेही मर्यादा आहेत. बँक या मध्यस्थीत पक्षकार नसते. सहकर्जदाराचे नाव वगळायचे तर तिची लेखी मान्यता लागते. ती न घेता केलेला करार कागदावर चांगला दिसतो, आणि हप्ता चुकला की वसुलीची नोटीस दोघांनाही येते.

करार आणि त्याची अंमलबजावणी

तोडगा निघाल्यास तो लेखी स्वरूपात उतरविला जातो. पक्षकार व मध्यस्थ त्यावर सह्या करतात आणि न्यायालयाकडे तो पाठविला जातो. तोडगा न निघाल्यास मध्यस्थाने 'मध्यस्थी अयशस्वी' एवढेच कळवायचे असते. कोणी कोणता प्रस्ताव दिला किंवा कोणामुळे बोलणे फिसकटले हे त्याने लिहू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले आहे.

वेगळे होण्याचे ठरले असेल तर कलम १३-ब खाली संयुक्त अर्ज केला जातो. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असणे आवश्यक असते आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्यात सहा महिन्यांचे अंतर असते. १२ सप्टेंबर २०१७ च्या निकालानुसार हे अंतर माफ करता येते. पक्षकार पुरेसा काळ वेगळे राहिलेले असावेत, समेटाचे सर्व प्रयत्न संपलेले असावेत आणि पोटगी, ताबा आदी प्रश्न खरोखर मिटलेले असावेत, अशा त्याच्या अटी आहेत. नीट झालेली मध्यस्थी ही शेवटची अट आपोआप पुरी करते.

एकरकमी पोटगी ठरते तेव्हा रक्कम बहुधा टप्प्याटप्प्याने दिली जाते: काही भाग पहिल्या टप्प्याला, काही दुसऱ्या टप्प्याला आणि उरलेला भाग फौजदारी प्रकरण रद्द झाल्यावर. या मांडणीमागे परस्परांवरील अविश्वास आहे आणि तो निराधार नसतो. हुकूमनामा होईपर्यंत कोणताही पक्ष आपली संमती मागे घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे पहिला हप्ता घेऊन माघार घेणे आणि हुकूमनामा मिळाल्यावर शेवटचा हप्ता बुडविणे, या दोन्हींची भीती करार लिहिताना समोर ठेवावी लागते.

क्रूरतेचा गुन्हा (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) हा केंद्रीय कायद्यानुसार आपसांत मिटविता येणारा गुन्हा नाही. तडजोड झाल्यावर तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. वैवाहिक स्वरूपाच्या वादात उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात असे करू शकते, हे २००३ व २०१२ च्या निकालांनी स्थिर झाले आहे.

स्थावर मालमत्तेबाबत एक बारकावा दुर्लक्षित राहतो. जी मालमत्ता दाव्याचा विषयच नव्हती, ती केवळ संमतीच्या अटींत नमूद केल्याने नावावर चढत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा तत्सम दस्त करावा लागतो व त्यानंतर गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरात बदल होतो. पोटगीचा हक्क कायमचा सोडून देणारे कलमही जपून पाहावे लागते, कारण पुढे निराधार झालेल्या पत्नीला ते बाधक ठरू नये अशी भूमिका न्यायालयांनी अनेकदा घेतली आहे.

मुलांचा प्रश्न

मुले मध्यस्थीच्या टेबलावर बसत नाहीत, पण त्यांच्याविषयी तेथे सर्वाधिक बोलले जाते. कायद्याच्या दृष्टीने अपत्याचे हित सर्वोपरि असते आणि आई-वडिलांनी केलेला करार न्यायालयावर बंधनकारक नसतो. परिस्थिती बदलल्यास ताबा व पोटगी यांचे आदेश बदलता येतात. पाच वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहते.

चांगल्या करारात 'वडिलांना भेटीचा हक्क राहील' असे एक वाक्य लिहून भागत नाही. कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी. गणपती आणि दिवाळी कोणाकडे. उन्हाळी सुट्टीचे किती दिवस. शाळेच्या पालकसभेला कोण जाणार. पारपत्र कोणाकडे राहणार. आजी-आजोबांशी दूरध्वनीवर बोलणे कधी, इतके तपशील त्यात यावे लागतात. हे तपशील लिहिताना भांडणे होतात म्हणून ते टाळले जातात, आणि मग तीच भांडणे दर रविवारी मुलाच्या देखत होतात. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची कल्पना आणि ताब्याच्या वादांत मध्यस्थीचा वापर यांची शिफारस केली आहे.

गोपनीयतेच्या नियमाला येथे एक अपवाद निर्माण झाला. मध्यस्थीच्या काळात समुपदेशकाने मुलाशी बोलून तयार केलेला अहवाल ताब्याच्या दाव्यात विचारात घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले. मुलाचे हित पाहणाऱ्या न्यायालयाला ही माहिती मिळणे उपयुक्त आहे. परंतु पालकांनी मोकळेपणाने बोलावे या अपेक्षेला त्यामुळे तडा जातो, हा आक्षेपही तितकाच सयुक्तिक आहे.

कौटुंबिक हिंसाचार आणि मध्यस्थी

मध्यस्थी दोन्ही पक्ष स्वतःसाठी बोलू शकतात या गृहीतकावर उभी आहे. जेथे एक पक्ष दुसऱ्याच्या नजरेनेही दबतो, तेथे हे गृहीतक कोसळते. समोरासमोर बसल्यावर होकार मिळतो, पण तो भीतीचा असतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. मात्र २००६ च्या नियमांतील नियम १४ ने त्याला काटेकोर मर्यादा घातल्या आहेत: हिंसाचार पुन्हा करणार नाही अशी हमी प्रतिवादीने द्यायची असते आणि केलेल्या हिंसाचाराचे समर्थन त्याला समुपदेशनात करता येत नाही. हिंसा ही वाटाघाटीची बाब नाही, हे तत्त्व या नियमात थोडक्यात सामावले आहे. मध्यस्थी अधिनियमानेही फौजदारी खटल्यांचे विषय मध्यस्थीच्या कक्षेबाहेर ठेवले; आपसांत मिटविता येणारे गुन्हे न्यायालय पाठवू शकते, परंतु तेथील निष्पत्तीला हुकूमनाम्याचा दर्जा नसतो.

महाराष्ट्रात पोलीस यंत्रणेच्या आवारातच स्त्रियांना साहाय्य देण्याचा एक वेगळा प्रयोग टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला. महिला व बालकांसाठीच्या या विशेष कक्षात प्रशिक्षित समाजकार्यकर्ते पतीशी व सासरशी बोलणी करतात, पण ती स्त्रीच्या बाजूने उभे राहून. रूढ अर्थाने ही तटस्थ मध्यस्थी नव्हे, आणि म्हणूनच अनेक अभ्यासकांना ती अधिक प्रामाणिक वाटते.

फौजदारी तक्रारींच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बदलत गेलेली दिसते. २०१७ च्या निकालाने कलम ४९८-अ च्या तक्रारी प्रथम कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठविण्याचे निर्देश दिले. २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या समित्या कायद्यात बसत नसल्याचे सांगून ते निर्देश रद्द केले. २०२५ मध्ये मात्र अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२२ साली घालून दिलेल्या अशाच प्रकारच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता मिळाली. ऐच्छिक मध्यस्थी आणि तक्रारीच्या वाटेत उभा केलेला अडसर यांतील सीमारेषा कोठे आखायची, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा खुला झाला आहे.

टीका

कुटुंब न्यायालय अधिनियमातच विवाहसंस्थेचे रक्षण व जतन करण्याची बांधिलकी असलेल्या व्यक्ती न्यायाधीश म्हणून निवडाव्यात असे म्हटले आहे. ज्या व्यवस्थेचा कल आधीच 'संसार टिकवा' असा आहे, तिच्यातील मध्यस्थ वेगळे होण्याच्या इच्छेकडे तटस्थपणे पाहू शकेल काय, असा प्रश्न स्त्रीवादी अभ्यासक विचारतात. मुंबईतील विधिज्ञ फ्लाव्हिया अ‍ॅग्नेस यांनी कुटुंब न्यायालयांच्या कारभाराची सातत्याने चिकित्सा केली आहे. श्रीमती बसू यांच्या २०१५ च्या ग्रंथात कोलकात्यातील कुटुंब न्यायालयाच्या निरीक्षणांतून अशाच शंका मांडलेल्या आहेत. अमेरिकेत ट्रिना ग्रिलो यांनी १९९१ मध्ये येल लॉ जर्नलमधील लेखात सक्तीच्या मध्यस्थीत स्त्रियांचा राग व्यक्त होऊ दिला जात नाही, असे दाखवून दिले होते.

दुसरा आक्षेप आर्थिक आहे. भारतात बहुतेक विवाह कायद्यांनुसार संसारात मिळविलेली मालमत्ता दोघांची मानली जात नाही. ज्याच्या नावावर आहे त्याची ती असते. त्यामुळे गृहिणी वाटाघाटीला बसते ती हक्काचा हिस्सा मागण्यासाठी नव्हे, तर पोटगी मागण्यासाठी. न्यायालयात वर्षानुवर्षे थांबण्याची ताकद नसल्याने ती कमी रकमेला होकार देते, आणि कागदोपत्री ती मध्यस्थी यशस्वी ठरते. गोव्यातील स्थिती येथे उद्बोधक आहे. पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या तेथील कायद्यात, वेगळा करार केलेला नसेल तर विवाहानंतर मालमत्ता पती-पत्नींची सामाईक असते. साहजिकच गोव्यात वेगळे होतानाच्या बोलण्यांचा आरंभबिंदूच वेगळा असतो.

मध्यस्थांच्या बाजूने असे सांगितले जाते की, असमान जोडीदार न्यायालयातही असमानच असतात आणि महागडा वकील तेथे अधिक उपयोगी पडतो. हे खरे आहे. तथापि न्यायालयाचा आदेश वरच्या न्यायालयात तपासला जातो, संमतीचा करार सहसा तपासला जात नाही.

इतर देशांत

अमेरिकेत अटलांटा येथील वकील ओ. जे. कूगलर यांनी १९७० च्या दशकात घटस्फोटातील मध्यस्थीची पहिली सुसूत्र पद्धत मांडली. कॅलिफोर्नियाने १९८१ पासून ताब्याच्या वादांत ती बंधनकारक केली. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास ब्रिस्टल येथे न्यायालयांशी जोडलेली सेवा सुरू झाली. इंग्लंड व वेल्समध्ये २०१४ पासून अर्ज करण्यापूर्वी मध्यस्थीविषयीच्या माहिती-बैठकीला जाणे सक्तीचे असून कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांना त्यातून सूट आहे. सक्ती बैठकीची आहे, तडजोडीची नाही. ऑस्ट्रेलियाने २००६ च्या सुधारणांनी मुलांविषयीच्या वादात न्यायालयात जाण्यापूर्वी अशा प्रयत्नाचे प्रमाणपत्र आवश्यक केले. नॉर्वेत १६ वर्षांखालील अपत्ये असलेल्या विभक्त होणाऱ्या दांपत्यांना मध्यस्थीला जावे लागते.

व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमरी यांनी ताब्यासाठी न्यायालयात आलेल्या कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मध्यस्थी व न्यायनिवाडा अशा दोन गटांत विभागणी करून १२ वर्षे पाठपुरावा केला. काही तासांच्याच मध्यस्थीचा परिणाम त्यांना बारा वर्षांनंतरही दिसला: त्या गटात मुले ज्याच्याजवळ राहत नव्हती असा पालक मुलांच्या अधिक संपर्कात राहिला होता.

परदेशस्थ दांपत्ये

अमेरिका, ब्रिटन, आखाती देश व ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत मध्यस्थीला आणखी एक पदर येतो. हिंदू विवाह अधिनियमाखाली झालेला विवाह परदेशी न्यायालयाने मोडला, तरी तो हुकूमनामा भारतात मान्य होण्यासाठी त्याचे कारण भारतीय कायद्यात असलेले असावे लागते आणि दोन्ही पक्षांनी त्या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मनापासून स्वीकारलेले असावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. एका पक्षाने परदेशात आणि दुसऱ्याने महाराष्ट्रात दावा लावला की दोन परस्परविरोधी हुकूम निघू शकतात. संमतीने झालेला करार हा यातून सुटण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग असतो.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक प्रकरणांतील तडजोडीचे प्रयत्न प्रत्यक्ष भेटीतच व्हावेत असे बहुमताने म्हटले होते. पुढे करोनाकाळात न्यायालयांनाच दूरदृश्य प्रणालीचा आश्रय घ्यावा लागला, आणि आता दोन खंडांतील पक्षकारांच्या ऑनलाइन बैठका नित्याच्या झाल्या आहेत. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, आणि मध्यस्थीतून झालेल्या करारांसाठी असलेल्या सिंगापूर करारातून कौटुंबिक विषय वगळलेले आहेत. म्हणून मुलाच्या ताब्याविषयीचा समझोता दोन्ही देशांतील न्यायालयांसमोर ठेवून तेथेही तसाच आदेश घेण्याचा सल्ला दिला जातो. अशा आदेशाला 'प्रतिबिंब आदेश' म्हणतात.